चाके दोनच, वाटा अनेक

कोणी ‘मी गातो’ म्हटले की आपण लगेच विचारतो, शास्त्रीय, नाट्यगीत, भजन की लावणी? ‘मी सायकल चालवतो’ म्हटल्यावर मात्र कोणी पुढे काही विचारत नाही. सायकलमध्येही घराणी असतात, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. कोणी घड्याळाशी शर्यत लावतो, कोणी डोंगरात चिखल तुडवतो, कोणी तीन दिवस जेमतेम झोपून हजार किलोमीटर कापतो, तर कोणी कोथिंबीर आणायला कोपऱ्यापर्यंत जातो. या घराण्यांचे एकमेकांशी पटतेच असे नाही. गेल्या चौसष्ट वर्षांत यांपैकी बहुतेकांचा गंडा मी बांधला आहे.

मी धातुशास्त्राचा प्राध्यापक होतो. त्यामुळे या लेखात पोलाद येईल, ॲल्युमिनियम येईल आणि शेवटी हाडेही येतील. परीक्षा नाही, तेव्हा फराळ करत निर्धास्त वाचावे.

पुणेरी घराणे

माझे बालपण पुण्यात, कसबा पेठेत गेले. साठच्या दशकातले पुणे म्हणजे सायकलींचे शहर. शाळामास्तर, कारकून, डॉक्टर, दूधवाले, सगळे सायकलवर. दहाव्या वर्षी मी तासावर भाड्याने सायकल घेऊन शिकलो. आधी लंगडी, मग दांडीखालून पाय घालून हाफ पायडल, मग दांडीवरून फुल पायडल आणि सगळ्यात शेवटी सीट. ही परीक्षांची उतरंड विद्यापीठापेक्षा कडक होती.

वडिलांची सायकल काळी, वीसेक किलोंची. रात्री दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडत, आणि डबलसीट हा तर गुन्हाच. या घराण्यात वेगाला किंमत नव्हती. किंमत होती ती सायकल स्वतः दुरुस्त करता येण्याला. पंक्चर काढणे, छर्रे धुऊन ग्रीस भरणे, चाकाचा आऊट काढणे हे सगळे मी आमच्या आळीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात, दुकानदाराच्या शिव्या खात शिकलो. एका बाजूचा आरा थोडा आवळायचा, समोरचा थोडा सैल करायचा, मग चाक फिरवून पाहायचे. ताणांचा समतोल म्हणजे काय, हे मला तिथे कळले. त्याची समीकरणे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयात भेटली.

मुंबई-पुणे सायकल शर्यत यायची तेव्हा आम्ही खडकीपर्यंत जायचो. बोरघाट चढून आलेले ते खेळाडू हँडलवर वाकून सुसाट निघून जात. त्यांच्या सायकलींना मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही. शेजारच्या काकांनी निकाल दिला होता, “पावसात काय करणार हे?” मला मात्र त्या दिवशी कळले की सायकल कुठे पोहोचण्यासाठीच चालवायची असते असे नाही.

आपल्याकडे लांब पल्ल्याच्या वेडाची परंपराही जुनी आहे. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांतल्या तिघांनी, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा यांनी, १९२८ साली ती पूर्ण केली. आजच्यासारखे रस्ते नाहीत, गिअर नाहीत, वाळवंटात तर वाटाही नाहीत. त्यांची गोष्ट मी शाळेत असताना ऐकली आणि ती डोक्यात बसली.

घड्याळाचे घराणे

१९७५ साली मी पीएच.डी.साठी शेफिल्डला आलो. पोलादाचे शहर, आणि सात टेकड्यांवर वसलेले. पहिल्याच आठवड्यात जुनी सायकल घेतली, कारण बसचे भाडे परवडत नव्हते. प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञाने मला त्याच्या सायकल क्लबात नेले आणि तिथे मला टाइम ट्रायल हा अस्सल ब्रिटिश प्रकार भेटला.

त्याचा इतिहास मजेदार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे रस्त्यावरच्या घोळक्याच्या शर्यतींबद्दल तक्रारी वाढल्या. पोलिसांचा रोष ओढवू नये म्हणून सायकल संघटनेनेच त्यांवर बंदी घातली. त्यावर फ्रेडरिक बिडलेक या गृहस्थांनी १८९५ साली तोड काढली. सगळ्यांनी एकत्र सुटायचेच नाही. एकेकाने एकेक मिनिटाच्या अंतराने निघायचे आणि घड्याळाशी झुंजायचे. लोकांच्या डोळ्यांत येऊ नये म्हणून गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे, वेळ भल्या पहाटेची आणि मार्गाला नावाऐवजी सांकेतिक क्रमांक. जणू भूमिगत चळवळच! काळे कपडे गेले, पण सांकेतिक क्रमांक आजही आहेत.

दहा मैल किंवा पंचवीस मैल, आपण आणि वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाने. म्हणजे वेग दुप्पट करायचा तर हवा कापायला आठपट ताकद हवी. दुसऱ्याच्या मागे लपून चालवले तर पाव ते तृतीयांश कष्ट वाचतात, पण टाइम ट्रायलमध्ये त्याला मनाई. १९८२ साली मी पंचवीस मैल ५९ मिनिटे ४० सेकंदांत काटले. क्लबातल्या तरुणांच्या दृष्टीने ही वेळ बेताचीच, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

या घराण्याची सम्राज्ञी म्हणजे यॉर्कशरची बेरिल बर्टन. रूबार्बच्या मळ्यात काम करणारी ही बाई. १९६७ साली बारा तासांच्या शर्यतीत तिने २७७.२५ मैल अंतर कापले. त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर माईक मॅकनमारा पुरुषांचा नवा विक्रम करत होता. बेरिलने त्याला मागून गाठले आणि जाता जाता जेष्ठमधाची गोळी देऊ केली. त्यानेही ती घेतली. पुढची दोन वर्षे बाईचा विक्रम पुरुषांच्या विक्रमापेक्षा मोठा होता, आणि महिलांचा विक्रम म्हणून तर तो २०१७ पर्यंत टिकला.

तेव्हाची माझी सायकल रेनॉल्ड्स ५३१ नळ्यांची होती. बर्मिंगहॅमच्या या कंपनीने १९३५ साली मँगनीज-मॉलिब्डेनमचे हे पोलाद आणले. नळी दोन्ही टोकांना, जिथे जोड येतो तिथे, जाड आणि मधे पातळ. जिथे भार तिथे भर, बाकी ठिकाणी काटकसर. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मातीचे घराणे

पस्तिशीत मी डोंगरात शिरलो. माउंटन बाइकचा जन्म कॅलिफोर्नियातल्या मॅरिन परगण्यातला. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही मंडळी जाड टायरांच्या जुन्या सायकली टेकडीवर चढवत आणि मातीच्या रस्त्याने सुसाट खाली येत. १९७६ साली त्यांनी या उताराची शर्यतच सुरू केली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे, उलटे पायडल मारून लागणारा. खाली येईपर्यंत तो इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि दर फेरीनंतर नवे भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. वीस वर्षांनी, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, हा खेळ अधिकृत झाला. आमच्या आळीच्या तोंडावरच्या दुकानात छर्रे आणि ग्रीस यांत हात काळे केलेल्या मला हे घराणे जवळचे वाटले, यात नवल नाही.

इथे फुफ्फुसापेक्षा डोळे आणि मनगट महत्त्वाचे. दगड टाळायचा तर दगडाकडे पाहायचे नाही, जायचे आहे त्या वाटेकडे पाहायचे. हा सल्ला मी पुढे संशोधक विद्यार्थ्यांनाही देत असे. पीक डिस्ट्रिक्टच्या दगडधोंड्यांत मी बारा वर्षे रमलो. गळपट्टीचे हाड एकदा मोडले, सहा आठवड्यांत जुळलेही.

या काळात सायकली ॲल्युमिनियमच्या झाल्या. पोलाद आणि ॲल्युमिनियम यांचा स्वभाव वेगळा. पोलादाला एक मर्यादा असते. तिच्याखालचा ताण लाखो वेळा आला तरी ते सहसा थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. ते प्रत्येक बारीकसा धक्काही मनात नोंदवून ठेवते आणि एक दिवस सगळा हिशेब मागते. काही नातेवाइकांसारखे.

लांब पल्ल्याचे घराणे

पंचेचाळिशीनंतर वेग उतरू लागतो, पण चिवटपणा टिकतो. म्हणून मी ऑडॅक्सकडे वळलो. इथे पहिला-दुसरा नंबर नसतो. २००, ३००, ४००, ६०० किलोमीटर, आणि त्यासाठी अनुक्रमे साडेतेरा, वीस, सत्तावीस आणि चाळीस तास. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्के घ्यायचे. वेळेत पोहोचला तो पास.

या घराण्याची पंढरी म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. पॅरिसहून निघून अटलांटिकच्या किनाऱ्यावर ब्रेस्टला जायचे आणि परत यायचे, १२०० किलोमीटर, नव्वद तासांत. १८९१ साली ही शर्यत म्हणून सुरू झाली. शार्ल तेराँ हा फ्रेंच गडी तेव्हा तीन दिवस-रात्र जवळजवळ न झोपता चालवून जिंकला. आता ती शर्यत नाही, दर चार वर्षांनी भरणारी वारी आहे. ‘वारी’ हा शब्द मी सहज वापरलेला नाही. ब्रिटनीतल्या खेड्यांत लोक रात्री दोन वाजता घरासमोर टेबल मांडून बसतात. कॉफी, केक, पाणी देतात आणि पैसे घेत नाहीत. मोबदला काय, तर घरी गेल्यावर एक पोस्टकार्ड पाठवा. १९९९ साली मी ती ८६ तासांत पूर्ण केली आणि घरी आल्यावर एकोणीस पोस्टकार्डे पाठवली.

या शर्यतीच्या नावाने फ्रान्समध्ये एक मिठाई आहे, ‘पॅरिस-ब्रेस्ट’. १९१० साली लुई द्युराँ या हलवायाने ती सायकलच्या चाकाच्या आकाराची बनवली. वरून बदाम, आत मलईदार सारण. फराळाच्या ताटात कडबोळ्याशेजारी खुशाल शोभेल.

आज या वारीला भारतातून शेकडो जण जातात आणि त्यांत मराठी नावे भरपूर असतात, हे वाचून ऊर भरून येतो. अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी जोडीने पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ती एकट्याने पूर्ण केली. आणि इथे, बोर्नमथला शिकणाऱ्या पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली, विशीत, सायकलवर जगप्रदक्षिणा केली. १९२३ च्या त्या सहा जणांची वाट बुजलेली नाही.

हाडांचा अहवाल

आता मुख्य विषय. दोन वर्षांपूर्वी, बहात्तराव्या वर्षी, माझ्या हाडांची घनता तपासली. टी-स्कोअर उणे २.४ आला. उणे २.५ पासून पुढे ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. साठ वर्षे व्यायाम केलेल्या माणसाची हाडे विरळ कशी?

याचे उत्तर माझ्याच विषयात होते. युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ साली मांडले की हाड त्याच्यावर पडणाऱ्या भारानुसार स्वतःची रचना बदलते. आपल्या हाडांत जन्मभर गवंडीकाम चालू असते. एक टोळी जुने खरवडते, दुसरी नवे बांधते. भार पडेल तिथे भर घातली जाते. भार नसेल तिथे नुसते खरवडणे होते. अंतराळवीरांची हाडे याचमुळे झिजतात. आणि सायकलवर? शरीराचे वजन सीट उचलते. पाय गोल फिरतात, पण जमिनीचा धक्का हाडांना बसत नाही. सायकल हृदयाला, फुफ्फुसांना, स्नायूंना, मनाला देते ते हाडांना देत नाही. रस्त्यावर सायकल चालवणाऱ्यांची, विशेषतः कंबरेच्या मणक्यांची, हाडे धावणाऱ्यांपेक्षा विरळ असतात, असे अभ्यासांत दिसून आलेले आहे.

थोडक्यात, धातू भाराने थकतो आणि हाड भाराने घडते. आयुष्यभर थकणाऱ्या पदार्थांचा अभ्यास केला, आणि घडणारा पदार्थ पायातच होता.

मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. अहवाल वाचून ती म्हणाली, “बाबा, आता सायकल पुरे करा. पडलात आणि खुबा मोडला तर?” तिचे म्हणणे खोटे नव्हते. या वयात खुबा मोडलेली माणसे सगळीच पुन्हा आपल्या पायांवर फिरतात असे नाही. आपल्या मंडळातच अशी दोन उदाहरणे आपण पाहिली आहेत. पण सायकल सोडली तर हृदय, तोल आणि रोजची झोप यांचे काय, हा प्रश्नही खोटा नव्हता.

महिनाभर आमच्या घरात यावर चर्चा झाली. कधी समजुतीने, कधी चढ्या आवाजात. शेवटी आम्ही दोघांनी कागद घेऊन दोन रकाने केले. सोडायच्या गोष्टी: डोंगर, बर्फाळ सकाळ आणि चाकाला चाक लावून चालणारा घोळका. धरायच्या गोष्टी: आठवड्यातून दोनदा वजने उचलणे, रोज जिने, भरभर चालणे, दात घासताना एका पायावर उभे राहणे. शिवाय डॉक्टरांनी सांगितलेले कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. आपल्यासारख्या गडद त्वचेच्या लोकांनी इथल्या मंद उन्हात वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा, असा इथला सरकारी सल्लाच आहे. मंडळींनो, हे एवढे तरी कापून फ्रिजवर लावा.

जोडसायकल

आमच्या घरात आणखी एक अहवाल होता. माझ्या पत्नीच्या डोळ्यांचा. मॅक्युलर डीजनरेशन. मधली नजर हळूहळू जाते, कडेची उरते. तिने चार वर्षांपूर्वी गाडीचा परवाना परत केला. सांगलीला लेडीज सायकलवर कॉलेजला जाणारी ही बाई, घरात बसून राहू लागली. वाचन सुटले, विणकाम सुटले. ती तक्रार करत नसे आणि त्याचीच मला भीती वाटे.

म्हणून आम्ही टँडेम घेतली, दोन सीटांची, चार पायडलांची, मोटरची मदत असलेली जोडसायकल. पुण्यात ज्या डबलसीटसाठी पोलीस पकडत, ती इथे राजरोस! इथल्या कायद्यानुसार अशी मोटर २५० वॅटची असते आणि ताशी १५.५ मैलांनंतर मदत थांबवते. परवाना लागत नाही. ‘ही तर फसवणूक’ म्हणणाऱ्या माझ्या जुन्या क्लबमित्रांसाठी साधे गणित देतो. शंभर किलो ओझे वीसास एक चढावर ताशी बारा किलोमीटरने चढवायचे तर फक्त गुरुत्वाकर्षणासाठीच १६० हून अधिक वॅट लागतात. माझे पाय आता सलग शंभर-सव्वाशे देतात. उरलेले बॅटरीने दिले तर पाय कामातून सुटत नाहीत, फक्त चढ आवाक्यात येतो.

पुढच्याला इथे ‘कॅप्टन’ म्हणतात आणि मागच्याला ‘स्टोकर’, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारा. कॅप्टनला सगळे बोलून दाखवावे लागते. “गिअर बदलतो आहे”, “पुढे खड्डा”, “थांबतोय”. नाही सांगितले तर मागून प्रश्न येतो, “अहो, झोपलात का?” आमच्या संसारात इतके सलग संभाषण पूर्वी कधी झाले नव्हते.

आम्ही मन्सल ट्रेलवर जातो. पीक डिस्ट्रिक्टमधला हा जुना रेल्वेमार्ग १९६८ साली बंद झाला आणि २०११ साली त्याचे बोगदे पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी उघडले. साडेआठ मैल, गाड्या नाहीत, चढ सौम्य. मागून कोणी येत असेल तर माझ्याआधी तिला ऐकू येते. पक्षी ती ओळखते. रस्ता मी पाहतो. संस्कृतात ‘अंध-पंगू न्याय’ आहे. आंधळ्याने पांगळ्याला खांद्यावर घ्यायचे, पांगळ्याने वाट दाखवायची. आमच्यात कोणाला आंधळे आणि कोणाला पांगळे म्हणायचे, यावर घरी एकमत नाही, आणि तिचे म्हणणे असे की कोळसा तीच जास्त टाकते.

गेल्या महिन्यात हाडांची पुन्हा तपासणी झाली. टी-स्कोअर उणे २.३. तपासणीतल्या चुकीच्या शक्यतेपेक्षा हा फरक फार मोठा नाही, एवढे मोजमापाचे शास्त्र मला कळते. पण घसरण थांबली आहे, हे डॉक्टरांनीही मान्य केले. मुलीने अहवाल दोनदा वाचला आणि म्हणाली, “बरं. पण हेल्मेटशिवाय दिसलात तर याद राखा.”

आता तुमचे काय?

फ्रान्सच्या रॉबेर मार्शाँ यांनी २०१२ साली, शंभराव्या वर्षी, ट्रॅकवर तासाभरात २४ किलोमीटरहून अधिक अंतर कापले. दोन वर्षांनी, १०२ व्या वर्षी, ते २६.९२७ किलोमीटर झाले. म्हणजे शंभरीनंतर ते सुधारले! २०१७ साली, १०५ व्या वर्षी, २२.५४७ किलोमीटर. तेव्हा कमी पडले ते चार किलोमीटर, पण गडी सायकलवरच होता. आपल्यातले किती जण साठीलाच ‘आता काय राहिलंय’ म्हणून सोफ्यावर बसतात, ते मी नावे घेऊन सांगत नाही.

सुरुवात करायची असेल तर शर्यतीची सायकल घेऊ नका. सरळ बसता येईल अशी, जाड टायरची आणि पाय सहज पलीकडे टाकता येईल अशा खाली झुकलेल्या दांडीची घ्या. सीटची उंची अशी ठेवा की पायडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. गुडघेदुखीच्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतील, हा माझा अनुभव आहे. पहिले सहा आठवडे जुन्या रेल्वेमार्गांवरच चालवा. हृदयाचा किंवा हाडांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि आठवड्यातून दोन दिवस सायकल घरी ठेवून पायी जिने चढा.

माझ्या शेडमध्ये सध्या पाच सायकली आहेत. ५३१ ची ती जुनी पोलादी सायकल अजून ठणठणीत आहे, नातू तिच्या उंचीला पोहोचायची वाट बघतोय. बाकीच्या मंडळातल्या कोणालाही चालवून बघायला मोकळ्या आहेत. शनिवारी सकाळी दहानंतर मी घरीच असतो. पंक्चर काढायला आणि चाकाचा आऊट काढायला शिकवीन, फी नाही. शिव्या मात्र, परंपरेनुसार, थोड्या खाव्या लागतील. चहा आणि चकली आमच्याकडून.